राही वहिनी रिकामा घाणा गात नाही

माझ्या वहिनीला समोरच्या माणसाचं पूर्ण नाव कळल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. स्वतःचं, बापाचं, आडनाव, गाव, आणि गाव मोठं असेल तर वाडी. आई म्हणते, हा तिच्या नोकरीचा परिणाम. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत ती पाच वर्षं बसतेय, दिवसाला दोनशे नावं लिहितेय. मला ते पटत नाही. ही बाई जन्मली तीच सुईणीला "कुठल्या वाडीच्या तुम्ही?" असं विचारत जन्मली असणार.

तिचं नाव राही. माहेर राजापूर तालुक्यातलं, डोंगराच्या अंगाचं एक गाव. सासर रत्नागिरीत, मांडवीला, म्हणजे आमचं घर. माझा भाऊ शुभंकर बोटीवर असतो. आठ महिने समुद्रात आणि चार महिने घरी. घरी असतो तेव्हाही समुद्राकडे तोंड करूनच बसतो. त्यांचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं. मी तेव्हा पुण्यात नाटकाचं शिकत होते आणि तिथेच अडकले होते. भावाचं लग्न मी फोनवर बघितलं. अर्ध्या वेळ चित्र थिजलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात भटजींचा मास्क.

मी शिकून परत आले तेव्हा घरात ही होती. मागीलदारी उखळात काहीतरी कांडत होती आणि गात होती. मी ओटीवर गिटार घेऊन बसले होते. सहज सूर धरला. ती थांबली, मान वळवली आणि म्हणाली, "थांबू नको. पण जरा खाली घे गो, माझा गळा मुसळाच्या तालात चालतो, तुझ्या नाय."

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून गातो. शाळांमध्ये मुलांना नाटक शिकवून उरलेला सगळा वेळ मी ह्या एका गोष्टीत घातलाय. मी गिटार वाजवते आणि झील धरते, म्हणजे तिची ओळ संपली की ती मागून उचलून म्हणते. ती गाते आणि लाकडी मुसळ आपटते. ढोलकी नाही, पेटी नाही. गटाचं नाव मला 'खारा वारा' ठेवायचं होतं. वहिनी म्हणाली, "ता सुकटीच्या दुकानाचा नाव वाटता." शेवटी 'दोन मुसळं' ठरलं. आमच्याकडे लग्नाआधी हळद कांडायची तर दोन मुसळं एकत्र बांधतात, त्यांना आंब्याची पानं लावतात आणि पाच सवाष्णी ती धरून गात गात हळद कांडतात. त्याला घाणा भरणं म्हणतात. वहिनीकडे ह्या घाण्याच्या गाण्यांचा साठा आहे, तिच्या मथुरा आत्याकडून आलेला. गोडवा असा की ऐकणाऱ्याच्या अंगाला हळदीचा वास यावा.

फक्त एक भानगड आहे. ह्या गाण्यांमध्ये नावं घ्यावी लागतात. मांडव कुणी घातला, पाणी कुणी आणलं, हळद कुणी कांडली, मामा कोण, करवली कोण. जितकं गोत तितकं गाणं. आणि ज्याचं नाव राहिलं तो रुसला.

आता ही सवय हळदीच्या मांडवात ठीक आहे. आमचा पहिला जाहीर कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता. आम्हाला पंधरा मिनिटं दिलेली. वहिनीने स्टेजवर जायच्या आधीच अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल अशी सगळ्यांची नावं विचारून घेतली आणि गाण्यात घातली. पंखे लावून देणाऱ्या धाकू मामांचंसुद्धा.

"हळदीला पाणी कुणी आणलं, धाकूमामांनी आणलं..."

धाकू मामा रडले. आम्ही चौतीस मिनिटं गायलो. आमच्यानंतर एक कवयित्री होत्या, त्या वही पिशवीत घालून निघून गेल्या.

"वहिनी, त्यांनी पाणी आणलं नव्हतं. त्यांनी पंखा लावला."

"उकाड्यात पंखा म्हणजे पाणीच गो."

ह्या बाईबरोबर मला संगीताच्या क्षेत्रात नाव काढायचं होतं.

*

डिसेंबरात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. अख्ख्या राज्यातून दोघादोघांचे पाच गट निवडणार. वर्षभरात दहा गावांमध्ये कार्यक्रम आणि खऱ्याखुऱ्या स्टुडिओत एक गाणं. कुणाच्या ओळखीची गरज नाही, कंपनी नको, गुरूचं पत्र नको. स्वतःच्या चॅनेलवर टाकलेला एक व्हिडिओ हवा. कुठेही कापलेला नको आणि पाच मिनिटांच्या वर नको. शेवटची तारीख एकतीस जानेवारी, संध्याकाळी सहा.

मी तो कागद छापून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला. चार वर्षं आम्ही वाचनालयं, बचतगटांचे मेळावे आणि एका होमस्टेच्या अंगणात चहाच्या बदल्यात गात होतो. ह्यातून बाहेर पडायचं एक दार दिसत होतं, तेही पाच मिनिटांपुरतं उघडं.

"पाच मिनिटं, वहिनी. फक्त पाच."

"पाच मिनिटात पाहुणे चप्पलसुद्धा काढत नाय."

"नावं कमी कर."

"कुणाची?"

"सगळ्यांचीच! लग्न नाहीये ना कुणाचं. नुसतं गाणं म्हणायचंय."

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळात चपला घालून शिरले होते. "रिकामा घाणा नाय म्हणत गो. नवरा-नवरीचा तरी नाव लागता. नायतर हळद कांडायची कुणासाठी?"

मामा, करवली, मांडव, पाणी ह्यांची नावं एकेक करून मी पंधरा दिवसांत छाटली. प्रत्येक नावाला एक भांडण. पण नवरा-नवरीपाशी गाडी अडली ती अडलीच.

"राम-सीता घाल."

"त्यांचा घाणा एकदा भरला. ज्याचा भरला त्याचा परत नाय भरत. आणि पुढं काय झाला त्यांचा, माहित हाय ना?"

"बरं. मनातलं कुठलंही घाल. सुरेश."

"कुठला सुरेश?"

"कुठलाच नाही."

"बापाचा नाव?"

मी गिटार खाली ठेवली आणि समुद्रावर चालायला गेले.

*

रेकॉर्डिंगला संदेश आला. संदेश दोन गल्ल्या सोडून राहतो, साऊंडचं काम करतो. गणपतीची मिरवणूक, नमनाचे खेळ, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे त्याचेच भोंगे. पण त्याच्याकडे दोन माईक चांगले आहेत, ते तो मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि फक्त आमच्यासाठी काढतो. एकोणीस जानेवारी, सकाळचे दहा. मागीलदारी उखळ, त्याच्यामागे हापूसचा मोहोर. कॅमेऱ्यात फार देखणं दिसत होतं.

पहिल्यांदा कावळा ओरडला. दुसऱ्यांदा हौसा मासळीवाली बांगडे घेऊन फाटकात आली. तिसऱ्यांदा वहिनी गात गात त्या ओळीपाशी पोचली.

"मांडवदारी कोण उभाऽ..." आणि थांबली.

"काय झालं?"

"कोण उभा?"

"कोणीही नाही! 'नवरा' म्हण. 'मांडवदारी उभा नवरा'."

"कुणाचा?"

"गाण्यातला नवरा, वहिनी!"

"गाण्यातला नवरा नसतो गो. नवरा लग्नातला असतो."

संदेश कॅमेऱ्यामागून म्हणाला, "वैनी, मला बारा वाजता कुवारबावला साऊंड लावायचाय."

चौथ्या, पाचव्या, सातव्या वेळी तीच ओळ, तोच खड्डा. आठव्या वेळी ती 'नवरा' म्हणाली, पण अशा आवाजात की जणू कुणाचं प्रेत मांडवात ठेवलंय. नवव्या वेळी पावणेबारा झाले होते. संदेशने एक पाय आधीच गाडीकडे वळवलेला. वहिनीने मुसळ उचललं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि अडखळली नाही.

"मांडवदारी कोण उभा? मालनबायचा संदेश,
हळद लागली वेदिकेला, पिवळा झाला सारा देश..."

वेदिका म्हणजे मी.

मी झील धरली. काय करणार, हात वाजवत होते. गाणं संपलं. संदेशने घड्याळ बघितलं. चार मिनिटं बावन्न सेकंद! त्या आकड्याने मला वेड लागलं होतं, एवढंच माझ्या बाजूने सांगू शकते. मी नाचले. संदेश घाईत होता, त्याला कानाला लावलेल्या यंत्रात फक्त आवाज बरा-वाईट कळतो, शब्द नाहीत.

संदेश गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, पण आमची नावं का?"

"दोघंच बिनलग्नाची होतात समोर. आणि यमक जुळला."

"यमकासाठी माझं लग्न लावलंस?"

"गाण्यात, गो. कोण ऐकतंय."

हे "कोण ऐकतंय" मी खरं मानलं. चार वर्षं खरोखरच कोणी ऐकलं नव्हतं. मी माझ्या ह्याच बोटाने तो व्हिडिओ चॅनेलवर टाकला आणि संस्थेचा फॉर्म भरला.

*

चार दिवसांनी विरारच्या मावशीचा फोन आला.

"वेदू, आम्ही काय मेलो होतो? हळद उरकलीत?"

मग काका. मग माझी शाळेतली मैत्रीण, तीन वर्षांनी, फक्त एक रडकं चित्र पाठवून. संदेशने मोठ्या कौतुकाने 'आपलं साऊंड' असं लिहून गाणं मांडवीच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते मुंबईला गेलं, आणि मुंबईतल्या कोकणी माणसाच्या हातात हळदीचं गाणं पडलं की ते थांबत नाही. मावशीने एकदा ऐकलं तरी दहा जणींना पाठवलं. हौसा बांगडे मोजता मोजता म्हणाली, "नवरा मांडवीतलाच केलास, बरा केलास बाय. आईला बघायला होईल."

आईने चष्मा लावून अख्खं गाणं ऐकलं. मला वाटलं, आता वहिनीचं काही खरं नाही. आईने चष्मा काढला.

"संदेश तसा वाईट नाही," आई म्हणाली.

"आई!"

"मी आपलं म्हटलं."

व्हिडिओ अकरा हजारांवर गेला. खाली लोक लिहीत होते, 'आमच्या गावची आठवण आली', 'चाल अगदी आमच्या आजीची', 'नवरानवरीला आशीर्वाद'. मी दात खात होते आणि मनातल्या मनात उड्याही मारत होते. पुण्याचे लोक हे आकडे बघणार. एक तारखेपर्यंत मी जगाला नवरी वाटले तर वाटले.

पंचवीस तारखेला मालन काकू आल्या. संदेशची आई. ओटीवर बसल्या, पाणी घेतलं नाही.

"राही, माझ्या पोराचं लग्न ठरत होतं, तुला माहीत होतं?"

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "नाय काकू. कुणाशी?"

"लांज्याकडची मुलगी. ऋतिका. पसंती झाली, दोन तारखेला सुपारी फुटायची. आणि काल तिच्या वडिलांचा, रावजींचा फोन. म्हणतात, 'तुमच्या मुलाची हळद झालेली ऐकली. अभिनंदन.'"

"पण काकू, ते खोटं गाणं आहे!" मी म्हटलं.

मालन काकूंनी माझ्याकडे न बघता वहिनीला विचारलं, "गाणं खोटं असतं का गो, राही?"

ह्या बाईला नको तिथे उत्तरं सुचतात आणि हवं तिथे ही गप्प बसते.

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघी एस.टी.ने लांज्याला गेलो आणि तिथून रिक्षाने आत. मला पुरावा म्हणून नेलं होतं. माझ्या अंगावर हळद नाही, गळ्यात काही नाही, हे त्या लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. रस्त्यात मी वहिनीला संवाद पाठ करून घेतले. "म्हणायचं, काका, हे नुसतं रेकॉर्डिंग आहे. स्पर्धेसाठी. नाटकात लग्न लागतं तसं. कळलं?"

"कळला."

रावजी काका खळ्यात काजूखालचा पाला गोळा करत होते. उंच, शिडशिडीत, बोलण्याआधी खाकरायची सवय. वहिनीने आधी त्यांचं पूर्ण नाव विचारलं, मग वाडी, मग त्यांच्या आईचं माहेर. ते निघालं वहिनीच्या मामाच्या गावाशेजारचं. दहा मिनिटं त्यातच गेली. मी वहिनीला कोपराने ढोसलं.

रावजी काका खाकरले. "गाणा चांगला हाय तुमचा. माझी आयस असाच म्हणायची. म्हणून तर जास्त वाईट वाटला. आमच्यात घाण्यात नाव घेतला म्हणजे घेतला. नुसती जीभ हलवली असा नसता ता."

आता म्हण, वहिनी. रेकॉर्डिंग. स्पर्धा. नाटक.

"बरोबर हाय काका," वहिनी म्हणाली. "मीच चुकलंय."

"अहो काका, तसं नाही," मी मध्ये पडले, "ते फक्त पुण्याच्या स्पर्धेसाठी..."

"तू गप," वहिनी म्हणाली.

"तुम्ही जरा थांबा," रावजी काका म्हणाले.

दोघंही एकाच वेळी, एकाच सुरात. मला कळेना, ही माझ्या बाजूने आली आहे की त्यांच्या.

ऋतिका सरबत घेऊन बाहेर आली. ती लांज्याला एका ऑफिसात काम करते. ती शांतपणे म्हणाली, "माझा संदेशवर राग नाही. त्याने फोन करून सगळं सांगितलं. पण ऑफिसात मी दिसले की मुली ते गाणं लावतात. उद्या माझ्या हळदीला कोण गाणार, आणि काय गाणार?"

"मी गाणार," वहिनी म्हणाली.

"मग आधी ते पुसा."

"एकतीस तारखेपर्यंत," मी हात जोडले, "पाचच दिवस थांब. सहाव्या दिवशी मी स्वतः..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनीने आपला फोन काढला होता. चॅनेल दोघींच्या फोनवर होतं, ही माझीच हुशारी. तिने दोनदा बोट लावलं. फोनने विचारलं, नक्की का? तिने तिसऱ्यांदा लावलं.

अकरा हजार चारशे माणसं. चार मिनिटं बावन्न सेकंद. गेलं.

रावजी काकांनी सरबताचा पेला तिच्या हातात दिला. "दोन तारखेला सुपारीला या," ते म्हणाले. मलाही एक पेला मिळाला. मी तो प्यायले, कारण मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

परतीच्या एस.टी.त हातखंब्याला मी तिच्याकडे वळले.

"मला विचारायचं तरी होतंस!"

"तू नाय म्हणाली असतीस."

"हो! म्हणूनच विचारतात माणसं!"

"वन्सं," ती म्हणाली. ती मला वेदू म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, आता भिंत आली. "नाव चुकीचा लागला तर केसपेपर फाडून नवीन लिहितात. खोडत नाय, वर लिहीत नाय. फाडतात."

"तो केसपेपर नव्हता वहिनी. माझी चार वर्षं होती."

त्यावर तिने खिडकीची काच सरकवून बंद केली. बाहेरून धूळ येत होती.

*

एकतीस तारखेला ती अर्धी रजा टाकून दुपारी दोनला घरी आली. संदेश तीनला माईक घेऊन आला. लग्न वाचल्याच्या आनंदात त्याने त्या दिवसाची एक मिरवणूक दुसऱ्याला दिली होती. उखळ, मोहोर, कॅमेरा, सगळं जागेवर. सहाच्या आत व्हिडिओ चढवायचा तर पाचला गाणं संपलेलं हवं.

साडेतीन. "मांडवदारी कोण उभाऽ..." आणि थांबली.

चार. थांबली.

"वहिनी, दुसरं कुठलं तरी गाणं घे."

"दुसरी मोठी हायत. दहा मिनिटांची."

"मग नवरा म्हण! एकदा म्हण! मी पाया पडते तुझ्या!"

"तोंडातून निघत नाय तर काय करू? माझी काय हौस हाय?"

"मग घाल कुणाचंही! संदेश आणि ऋतिका घाल!"

"सुपारी फुटायची हाय अजून! परत तोच घोळ?" संदेश दोन पावलं मागे सरकला.

पावणेपाच वाजले होते आणि मी ओरडत होते. शेजारच्या माडावरून कावळेसुद्धा उठले. "मग दादाचं आणि तुझं घाल! तुमचं तरी झालंय ना लग्न? तुमच्यावरून कोण भांडायला येणार नाही! पण नाही, ज्याचा घाणा भरला त्याचा परत नाही भरत. आहेच तुझा नियम. घेऊन बस तो!"

वहिनीने मुसळ उखळाला टेकवलं.

"आमचा नव्हता भरला," ती म्हणाली.

"काय?"

"पंचवीस माणसांची परवानगी होती. त्यात तुमच्याकडची चौदा. माझ्या आत्याला गावाच्या वेशीवरून परत पाठवली. हळद बाजारची, पुडीतली. कांडायचा प्रश्नच नव्हता." ती हे केसपेपरवर लिहिल्यासारखं सांगत होती, एकाखाली एक. "माझ्या आईने वाटीत कालवली आणि लावली. गाणा कोण म्हणणार? आई म्हणाली, मोबाईलवर लाव एखादा. मी नको म्हटलं."

इतकी वर्षं ही बाई जगाच्या मांडवात नावं घेत फिरत होती. धाकू मामांचं, ग्रंथपालांचं, खिडकीसमोर खोकत उभ्या असलेल्या माणसाचं. मी तिला आठवड्यातून तीनदा सांगत होते, नावं कमी कर.

"मग म्हण ना," मी म्हटलं. माझा आवाज अजून खाली आला नव्हता, त्यामुळे तेही ओरडल्यासारखंच निघालं. "आता म्हण. तुमचंच."

"आपला घाणा आपण म्हणत नाय गो. नवरी गप्प बसते."

"मग मी म्हणते. तू झील धर."

"तुला जमेल?"

"चार वर्षं तेच ऐकतेय!"

"वर घेशील. तुझी सवय हाय वर घ्यायची."

"वहिनी, पाच वाजायला आलेत!"

संदेशने बोट वर केलं. मी गायला लागले. माझा गळा नाटकातला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकवलेला. घाण्याला लागतो तो मऊपणा त्यात नाही. वहिनी मुसळ मारत होती आणि तिची झील माझ्या मागून अशी येत होती की मी चुकले तरी ती चूक झाकून घेत होती. त्या ओळीपाशी आले तेव्हा माझ्याजवळ यमक तयार नव्हतं. ते तिथल्या तिथे आलं.

"मांडवदारी कोण उभा? दर्यावरचा शुभंकर,
हळद लागली राहीला, आता टाक रे नांगर..."

झील आली नाही. मुसळ चालू होतं, झील नाही. मी पुन्हा तीच ओळ म्हटली. ह्या वेळी आली, पण अर्धीच. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर कॅमेऱ्यात दोघींचंही तोंड बघण्यासारखं राहिलं नसतं. पुढची कडवी मी दामटली. शेवटची ओळ संपली. मी गिटारच्या तारांवर हात ठेवला, म्हणजे संपलं. संदेशचं बोट खाली यायला निघालं.

आणि वहिनी खड्या आवाजात गायला लागली.

"हळद कुणी कांडली गो? मथुराआत्याने कांडली,
वेशीवरून फिरली तरी मांडवात नांदली..."

मग तिने मुसळ ठेवलं, आणि संपलं.

संदेश घड्याळाकडे बघत राहिला.

"किती?" मी विचारलं.

"पाच मिनिटं आठ सेकंद."

दुसऱ्यांदा गायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर वहिनी आत जाऊन तोंड धूत होती. मी तसाच चढवला. सहाला सात मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

*

दहा फेब्रुवारीला पुण्याहून मेल आली. भाषा फार सभ्य होती. सादरीकरण परीक्षकांना भावलं, असं लिहिलं होतं. परंतु वेळेची मर्यादा ओलांडलेल्या प्रवेशिकांचा विचार करता येत नाही, असंही लिहिलं होतं.

मी ती मेल वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली, फ्रिजसमोर उभी राहून, शब्दन्‌शब्द. 'परंतु' तर दोनदा.

"आठ सेकंद," मी म्हटलं. "आठ सेकंदांसाठी दहा गावं आणि एक स्टुडिओ गेला."

वहिनी कोलंबी सोलत होती.

"मथुरा आत्याचा नाव आठ सेकंदात नाय होत. पाचात होता. तीन सेकंद तू आधी खाल्लेस. ती ओळ दोनदा म्हटलीस ना?"

"तू झील धरली नाहीस म्हणून!"

"आणि ताल हळू धरलेलास."

मी ती मेल बंद केली. गाणं आता चॅनेलवर आहे. दादाने बोटीवरून ऐकलं आणि त्याला जमतं तेवढंच लिहिलं, 'नेटवर्क नव्हतं, तीनदा ऐकलं.' मथुरा आत्याने राजापूरहून फोन करून वहिनीला सांगितलं की तुझी नणंद फार वर गाते. पंधरा तारखेला आम्ही ऋतिका आणि संदेशच्या घाण्याला गायलो. बावन्न नावं, चाळीस मिनिटं, आणि एकही माणूस रुसला नाही. तिथेच वहिनीने मला न विचारता आणखी तीन घरच्या हळदी कबूल केल्या.

काल मी आणखी एका संस्थेचा कागद छापून फ्रिजवर लावला. मुंबईची आहे. ह्यांची मर्यादा तीन मिनिटांची.

वहिनी ओले हात पदराला पुसत तो वाचत उभी राहिली. शेवटपर्यंत वाचला, मागची बाजूसुद्धा बघितली.

"तीन?" ती म्हणाली. "मग नवरीकडचे कुठं बसवू?"